पणजोबांचे भाऊ बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत : वंशावळीसाठी माग कसा काढायचा?

रानमळा

आमच्या भावकीने यंदा वंशावळ नव्याने लिहायला घेतली आहे. मूळ गाव खटाव तालुक्यात, मी पुण्यात. हेळव्याच्या (पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याच्या) बाडातून आठ-नऊ पिढ्या मिळाल्या, त्याबद्दल काही प्रश्न नाही. अडलंय ते एका माणसापाशी.

पणजोबांचे धाकटे भाऊ राघू. पहिल्या महायुद्धात भरती झाले. घरात एवढंच ऐकत आलो की "राघू बसऱ्याला (आजच्या इराकात) गेला, तिकडंच राहिला." हेळव्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे रेघ थांबते. लग्न, मूलबाळ, काही नाही. फोटो नाही, पत्र नाही, बिल्ला नाही.

एक वस्तू मात्र आहे. बशीपेक्षा थोडी लहान, जड, काशासारखी दिसणारी चकती. त्यावर हातात पानांचं कडं धरलेली बाई, तिच्यापुढे सिंह, काठाने इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत राघू आणि आमचं आडनाव. ही चकती कायम देवघरात असायची. आजी तिला रोज हळदकुंकू वाहायची. सिंहाबरोबर बाई म्हणजे देवीच, असं तिने धरलेलं. अक्षरांच्या खाचांत इतकं कुंकू बसलंय की नाव वाचायला मला दाभण घेऊन बसावं लागलं.

पलटण कोणती, गेले कधी, कुठे, पुरलं की जाळलं, काहीच माहीत नाही. कोणी असा शोध घेतला असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा. त्यांच्या नावापुढे नुसती रेघ ठेवून वंशावळ छापायची माझी तयारी नाही.

जुनी_पानं

ती चकती म्हणजे युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने पाठवलेलं स्मृतिपदक. काठावर 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. त्यावर हुद्दा, नंबर, पलटण मुद्दाम घालत नसत, कर्नल आणि शिपाई सारखेच दिसावेत म्हणून. त्यामुळे माहिती कमी मिळते. पण एक गोष्ट पक्की झाली, ते बेपत्ता किंवा पळून गेलेले नव्हते. सरकारदरबारी मृत्यूची नोंद झाली होती. म्हणजे यादीत नाव असणारच.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पहिल्या युद्धासाठी त्यांची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना कशानेही मृत्यू आला असेल, गोळीने किंवा पटकीने, तरी नोंद धरतात.

रानमळा

@जुनी_पानं, खूप आभार. संकेतस्थळ पाहिलं. त्या नावाचे ढीगभर लोक निघतात, आणि आमचं आडनाव टाकलं तर एकही नाही.

बेळगावकर_नाना

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अशी पत्रं मनातून जात नाहीत. दर महिन्याला कुणा ना कुणा नातवाचं पत्र यायचं.

आधी हे ध्यानात घ्या, की १९१४ साली 'मराठा लाइट इन्फन्ट्री' नावाची एक रेजिमेंट नव्हती. वेगवेगळ्या पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्या १९२२ साली एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री केली आणि केंद्र बेळगावला आलं. त्यामुळे पहिल्या युद्धातल्या माणसाला 'मराठा एल.आय.' म्हणून शोधू नका, पलटणीच्या नंबराने शोधा. शिवाय आपले लोक फक्त मराठा पलटणींत नव्हते. बॉम्बे सॅपर्समध्ये (रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअरांत), खेचरांच्या तांड्यांत, दवाखान्यात डोलीवाले म्हणूनही गेले.

आता कागद. शिपायाचा सगळा इतिहास ज्यावर असतो त्याला शीट रोल म्हणतात. पेन्शनीत न गेलेल्या माणसाचा शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम. म्हणून "रेकॉर्ड नष्ट झाले आहे" असं उत्तर आलं तर ते खोटं नसतं. पण तिथे थांबू नका. लाँग रोल नावाची रजिस्टरं असतात, एका माणसाची एक ओळ. ती जपून ठेवतात. अर्जात 'लाँग रोलमधील नोंद' असे शब्द घाला. माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज होतो. नंबर नसेल तर नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि जुना जिल्हा, एवढं तरी द्या. पहिल्या युद्धाचं मिळेलच अशी खात्री देत नाही, दुसऱ्या युद्धाचं बरंच मिळतं.

कोकणकन्या

नाना, जुना जिल्हा हे लाखमोलाचं बोललात. आम्ही सिंधुदुर्ग-सिंधुदुर्ग करत बसलो होतो. १९८१ पर्यंत तो जिल्हाच नव्हता, सगळं रत्नागिरी. रायगडचं कुलाबा. सांगलीकरांनी सातारा बघावं. आणि संस्थानातलं गाव असेल तर सावंतवाडी, औंध, फलटण, जत असं संस्थानाचं नाव.

स्पेलिंगबद्दल तर बोलूच नका. भरती करणारा साहेब कानाला येईल तसं लिहायचा. आमचं सावंत तीन प्रकारे लिहिलेलं पाहिलं. कदमचं कुदुम, शिंदेचं सिंदे होतं. आडनाव सोडून द्या, बापाचं नाव आणि गाव धरा.

माझे आजोबा दुसऱ्या युद्धात इटलीत होते. आम्हाला सगळं मिळालं ते पदकाच्या कडेवरून. आपल्याकडे दुसऱ्या युद्धाच्या पदकांवरसुद्धा कडेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरून देत. इंग्रज शिपायांच्या पदकांवर ते नसायचं. बाबांनी ब्रासो लावून लावून अर्धी अक्षरं घासून टाकली होती. घरात पदक असेल तर कृपा करून घासू नका, तिरक्या उजेडात फोटो काढा. फोटो मोठा केला की अक्षरं उठतात.

भीमाकाठ

कोकणकन्या, +१. फोटोंबद्दल थोडी भर.

माझे आजोबा महार रेजिमेंटचे. घरी एकच गणवेशातला फोटो, मागे काही लिहिलेलं नाही. टोपीवरचा बिल्ला भिंगातून पाहिला तर कोरेगावचा जयस्तंभ दिसला. सुरुवातीच्या काळात महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तो होता. तिथेच अर्धं काम झालं. पुढचे कागद मध्य प्रदेशातल्या सागरला, कारण रेजिमेंटचं केंद्र आता तिथे आहे. आजोबा कामठीला उभ्या राहिलेल्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, हे तिथून कळलं.

या धाग्यावर पहिल्या युद्धाचा विषय आहे म्हणून सांगतो, १९१७ साली १११ महार्स नावाची पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. त्या आधी पंचवीसेक वर्षं आमच्या लोकांची भरती बंद होती, आणि नंतर पुन्हा १ ऑक्टोबर १९४१ पर्यंत रेजिमेंट नव्हती. त्यामुळे ज्यांचे पणजोबा १११ मध्ये होते त्यांच्यामागे आज कोणतंही केंद्र, कोणतंही रेकॉर्ड ऑफिस उभं नाही. त्या माणसांची नावं कोणी गोळा करत असेल तर मला जरूर कळवा. मी गावोगाव विचारत आहे.

तर्कट

एक वेगळा प्रश्न. राग मानू नये.

हे सगळे इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले. इराकच्या शेतकऱ्याने खटावच्या शेतकऱ्याचं काय वाकडं केलं होतं? वंशावळीत नाव लिहा, जरूर लिहा. पण पुढे जाऊन 'हुतात्मा', 'वीरगती' वगैरे शब्द येतात आणि पुढची पिढी समजते की पणजोबा देशासाठी गेले. हुतात्मा हा शब्द आपण १९४२ च्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लोकांसाठी वापरतो. तो असा सैल करू नये.

माणदेशी_मेंढका

तर्कट, तुमच्या प्रश्नाला मान आहे, पण खटाव-माणची माती बघा आणि मग बोला. १८९६ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९ चा. राघू आजोबा त्या सालांच्या आसपास जन्मलेले असणार. पलटणीत महिन्याला ११ रुपये रोख. बिनापाण्याच्या रानात ११ रुपये कुठून येणार होते? आमच्याकडे थोरला रानात आणि धाकटा पलटणीत, ही घराची व्यवस्थाच होती. साम्राज्य-बिम्राज्य कोणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि त्या वेळचे पुढारी काय म्हणत होते तेही आठवा. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी फिरत होते. टिळकही भरतीला तयार होते, आमच्या लोकांना अधिकाऱ्याची पदं द्या असं म्हणत. आज शंभर वर्षांनी आपण त्या शिपायालाच जाब विचारायचा, हे मला पटत नाही.

तर्कट

मी शिपायाला जाब विचारत नाही. उलट त्याला ११ रुपयांसाठी तिकडे नेणाऱ्यांना विचारतोय. म्हणूनच म्हणतो, वंशावळीत 'दुष्काळामुळे भरती झाले' असं स्पष्ट लिहा. ते 'वीरगती'पेक्षा जास्त खरं आहे.

बेळगावकर_नाना

दोघांचंही ऐकलं. मी गणवेशातल्या माणसांत आयुष्य काढलं, त्यामुळे मला 'शिपाई' हा शब्दच पुरेसा मानाचा वाटतो. लिहिणाऱ्याने ठरवावं.

थेम्सकाठचा_मावळा

लंडनला राहतो. सुट्टीच्या दिवशी क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन बसायची मला आवड आहे, म्हणून लिहितो.

इथे आपल्या शिपायांच्या वैयक्तिक फायली नाहीत. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मिळतात, शिपायांच्या नाहीत. इथे मिळते ती पलटणीची युद्धडायरी. पहिल्या युद्धाच्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, मेसोपोटेमियाच्या (म्हणजे आजच्या इराकच्या) बऱ्याचशा स्कॅन झाल्या आहेत. रोज पलटण कुठे होती, किती चालली, किती मेले, सगळं असतं. पण गोऱ्या अधिकाऱ्याला खरचटलं तरी त्याचं नाव, आणि आपले वारले की नुसता आकडा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी डायरी मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो.

बसऱ्याच्या स्मारकाचंही तेच. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे लिहिले. नावं नोंदवहीत ठेवली. हा भेदभाव झाल्याचं कमिशननेच २०२१ च्या अहवालात मान्य केलं आणि माफी मागितली. तर रानमळा, तुमच्या राघू आजोबांचं नाव दगडावर नसलं तरी संकेतस्थळावरच्या यादीत असेल. आडनाव सोडा, 'सातारा' आणि गावाचं नाव अतिरिक्त माहितीच्या रकान्यात शोधा. गावाचंही स्पेलिंग वाकडं करून बघा.

आणखी एक. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने शरणागती दिली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली होती. शरण गेलेल्यांत गोरे थोडे, आपलेच जास्त. त्यांना चालवत उत्तरेला नेलं, बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. त्या वाटेवर मेलेल्यांच्या तारखा धड नाहीत. १९१६ च्या उत्तरार्धातली तारीख आणि यांतली पलटण अशी नोंद निघाली तर कुतचा विचार करा.

सांजवात

वाचनखूण साठवली आहे. असे धागे म्हणजे खजिना.

कऱ्हाडचा_बंड्या

विषय थोडा भरकटवतो, पण कैदेचं निघालं म्हणून.

आमचे आजोबा दुसऱ्या मराठ्यात, म्हणजे 'काली पांचवी' म्हणतात त्या पलटणीत. जून १९४२ ला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा सगळी पलटण धरली गेली. तिथून इटलीत, अवेत्सानोच्या छावणीत. पुढे जर्मनांनी ताबा घेतल्यावर फ्रान्समध्ये एपिनालला. मे १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी एपिनालवर बाँब टाकले, छावणीच्या भिंती पडल्या, आणि आपले शेकडो लोक डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये घुसले. आजोबा त्यातले एक. कऱ्हाडचा माणूस बर्फातून चालत स्वित्झर्लंडला!

त्यांनी स्वतःहून कधी काही सांगितलं नाही. खळ्यावर ज्वारी पायलीने मापताना मात्र पहिली काही मापं "उनो, दुए, त्रे" अशी मोजायचे आणि मग "चार" म्हणून मराठीवर यायचे. आम्हा पोरांना वाटायचं मंत्र आहे. पुढे इटालियन वेबमालिका बघताना माझ्या कानावर तेच आकडे पडले आणि शोधाला लागलो. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांची दप्तरं आहेत. दुसऱ्या युद्धाचे अर्ज ते वर्षातून ठरावीक वेळीच घेतात आणि थोडेच घेतात, त्यामुळे तारीख बघून ठेवा.

कोकणकन्या

बंड्या, मंत्रच तो! आमच्या आजोबांच्या फोटोत बाहीवर तीन पानांचं फूल होतं, ते आठव्या हिंदी डिव्हिजनचं चिन्ह निघालं. लाल गरुड असेल तर चौथी, काळं मांजर असेल तर सतरावी म्हणजे ब्रह्मदेश. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी बाही आधी बघा.

आणि मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला उतरा. नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे तिथे. १० जुलै १९४४, इटली, व्हिक्टोरिया क्रॉस. शेजारून कितीदा गेलो होतो, आजोबांचा शोध सुरू झाल्यावर पहिल्यांदा थांबलो.

मांडवीचा_तारू

पायदळाच्याच गप्पा चालल्यात. दर्यावर गेलेले कुणाच्या लक्षात राहत नाहीत. रत्नागिरीचे खलाशी आणि आमचे गोंयचे कारभारी, स्टुअर्ट, भटारी दोन्ही युद्धांत बोटींवर होते. बोट बुडली की कबर कुठली? त्यांची नावं मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात सांभाळली आहेत. गोंयकारांनी धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडीत (गावकऱ्यांच्या क्लबात) चौकशी करावी, जुन्या कुडींच्या वह्यांत कोण कधी कुठल्या बोटीवर चढला ते असतं. माझ्या आजीच्या भावाचा पत्ता तिथेच लागला.

मोडीवेडी

रानमळा, तुम्ही लंडनपर्यंत पोचलात, पण गावात पाहिलंत का?

माझा अनुभव असा की आधी गाव, मग बेळगाव, मग विलायत. तलाठी आणि तहसील कार्यालयात फेरफार रजिस्टर असतं. जमिनीत नाव असलेला माणूस मेला की वारसाची नोंद होते, आणि जुन्या नोंदीत कारण चक्क एखाद्या वाक्यात लिहिलेलं असतं. दुसरं, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. बरंचसं मोडीत आहे. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत कितीतरी तालुक्यांचं जुनं दप्तर धूळ झटकून बाहेर आलं, त्यामुळे आता "दप्तर सापडत नाही" असं ऐकावं लागण्याची वेळ कमी येते. तिसरं, शाळा किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके कामी आले' अशा पाट्या सातारा-रत्नागिरीकडे पुष्कळ गावांत बसवल्या होत्या.

फेरफाराचे फोटो टाकलेत तर मी वाचून देईन. पैसे-बिसे काही नाही.

रानमळा

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. गावी जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

पाटी आहे! जुन्या चावडीच्या भिंतीत, डिस्टेंपरच्या थराखाली. सरपंचांच्या परवानगीने चुलतभावाने ओल्या फडक्याने पुसली. नावं नाहीत, गेले किती आणि मेले किती एवढंच. पण बघताबघता माणसं जमली. दोन घरांतून तशाच चकत्या निघाल्या. एकीवर दुधाचं पातेलं झाकलेलं होतं, दुसरी ट्रंकेत जरीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. त्यांनाही आता आपापला माणूस शोधायचा आहे.

कमिशनच्या यादीत थेम्सकाठचा_मावळा यांनी सांगितलं तसं केलं. आडनाव सोडलं, गाव वाकडंतिकडं लिहून पाहिलं. एक नोंद सापडली. नाव 'रागू', बापाचं नाव बरोबर, गावाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे, सातारा जिल्हा. ११४ मराठा. बसरा स्मारक. तारीख नोव्हेंबर १९१८.

तारीख वाचून घरात सगळे गप्प झाले. युद्ध तर संपलं होतं ना?

थेम्सकाठचा_मावळा

अभिनंदन! फार आनंद झाला.

हो, तुर्कांशी युद्धबंदी ३० ऑक्टोबर १९१८ ला झाली. ११४ मराठा त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तिग्रिसकाठी शरकातच्या लढाईत होती. मेसोपोटेमियातली ती शेवटची मोठी लढाई, आणि त्या पलटणीने तिथे नाव काढलं. म्हणजे दोन शक्यता. शरकातला जखमी होऊन नंतर दवाखान्यात गेले, किंवा इन्फ्लुएन्झा. १९१८ च्या त्या हिवाळ्यात तापाने छावण्याच्या छावण्या आडव्या केल्या होत्या. क्यूला पुढच्या खेपेला ११४ ची डायरी मागवतो आणि नोव्हेंबरच्या पानांचे फोटो पाठवतो. नाव नसेल, पण पलटण त्या दिवशी कुठे होती ते तर कळेल.

तर्कट

रानमळा, मनापासून अभिनंदन. आणि बघा, त्याच महिन्यांत इकडे गावातही तोच ताप होता. घरचे आणि ते, दोघेही एकाच साथीत सापडलेले. हे वंशावळीत लिहाच.

माहेरवाशीण

मी इतका वेळ नुसती वाचत होते. एक विचारू? राघू आजोबांची बायको?

पहिल्या पोस्टमध्ये "लग्न, मूलबाळ, काही नाही" असं आहे. १९१८ साली वीस-बावीस वर्षांच्या पलटणीतल्या पोराचं लग्न झालेलं नाही, हे मला तरी अवघड वाटतं. हेळव्याच्या वहीत बायका नसतात म्हणून ती नसेल. चकती घरी आली ती कुणाच्या हातात आली?

बेळगावकर_नाना

माहेरवाशीण ताई, अगदी नेमकं बोललात. शिपाई मेला की विधवेला पेन्शन लागायची. ती तालुक्याच्या खजिन्यातून मिळायची. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, वडूजला महिन्याच्या महिन्याला पैसे आणायला कोण जायचं?

रानमळा

नाना, ताई, तुमचे प्रतिसाद वाचून आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण मागचं सगळं लख्ख आहे. "वडूजला पैसे आणायला कोण जायचं?" एवढंच मोठ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "पेन्शनीची आजी की."

आमच्या घरात सोप्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी राहायची. सगळे तिला पेन्शनीची आजी म्हणत. नाव रखमा. वडिलांसकट सगळ्यांची समजूत, की ती कुणी लांबची आश्रित. आत्या सांगतात, महिन्याच्या महिन्याला ती पहाटे भाकरी बांधून चालत वडूजला जायची. येताना पोरांना शेवचिवडा, आणि उरलेले पैसे पणजोबांच्या हातात. माझ्या आजोबांच्या शाळेची फी त्यातून गेली. विहिरीच्या दुसऱ्या खोदाईलाही तेच पैसे होते, असं आत्या ठामपणे म्हणतात. ती चकती देवघरात ठेवली ती तिनेच. माझ्या आजीने हळदकुंकू वाहायची रीत तिच्याकडून घेतली.

म्हणजे आमच्या घरातला पहिला शिकलेला माणूस तिच्या पैशावर शिकला, आणि वंशावळीत तिचं नाव नाही.

मोडीवेडी, फेरफाराचे फोटो टाकतोय. एका नोंदीत 'रखमा' असावं असं वाटतं, बघाल का?

मोडीवेडी

वाचलं. 'रखमा भ्रतार राघू' स्पष्ट आहे. 'भ्रतार' म्हणजे नवरा, जुन्या दप्तरात असंच लिहीत. नोंदीचा सारांश असा : राघू 'लढाईवर मयत' झाल्याने त्याच्या हिश्श्याला बायको रखमाचं नाव लावावं. खाली थोरल्या भावाचा अंगठा. पुढच्या एका फेरफारात तिने तो हिस्सा पुतण्याच्या नावे करून दिला आहे. त्याची तारीख पुसट आहे, त्या पानाचा परत फोटो काढता आला तर बघा, यावेळी फ्लॅश न लावता.

माहेरवाशीण

डोळे भरून आले. पुतण्या म्हणजे तुमचे आजोबा ना?

रानमळा

हो. माझे आजोबा.

माणदेशी_मेंढका

आता वंशावळ छापाल तेव्हा बायकांची नावं सगळ्यांचीच घाला. राखीव जागा म्हणून एकट्या रखमा आजींची नको. आमच्या भावकीला मी हेच सांगून भांडतोय.

रानमळा

परवा भावकीची बैठक झाली. थोड्या कुरबुरी झाल्या, 'हेळव्याने जे लिहिलं ते बदलायचं नसतं' वगैरे. पण आत्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि विषय संपला. बायकांची नावं माहेरच्या गावासकट घालायची ठरली.

शब्दांवरही बोलणं झालं. तर्कट, तुमचा मुद्दा मी मांडला. 'हुतात्मा' नको यावर तरुण पोरं तयार झाली, थोरले नाहीत. शेवटी नोंद अशी ठरली :

राघू. ११४ मराठा पलटणीत शिपाई. नोव्हेंबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात मृत्यू, बसरा स्मारकाच्या यादीत नोंद. पत्नी रखमा. पतीच्या पेन्शनीतून पुतण्याचं शिक्षण केलं, जमिनीचा हिस्सा पुतण्यास दिला.

जुनी_पानं

उत्तम. एक सूचना : जे कागदावर मिळालं आणि जे आत्यांकडून ऐकलं, ते वेगवेगळ्या खुणेने दाखवा. विहिरीचे पैसे हे ऐकीव, जमीन ही कागदावरची. पुढे कुणी शोधायला बसलं तर त्याला बरं पडेल.

रानमळा

जुनी_पानं, हे करतोच. आणि त्या दुसऱ्या दोन चकत्यांची नावं भीमाकाठ यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. एकाचं घर त्यांनी विचारलेल्या वस्तीतलं आहे. १११ ची असेल का, बघा.

भीमाकाठ

व्यनि मिळाला. येत्या रविवारी गावी येतो, चकती प्रत्यक्ष बघू. घरच्यांना सांगून ठेवा, घासू नका म्हणावं.

नवखा_खडकी

नमस्कार, नवीन सदस्य. आमचे खापरपणजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये होते. नंबर आहे, बाकी काही नाही. त्यांचं कुठे विचारायचं?

बेळगावकर_नाना

खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या रेकॉर्डला. नंबर आहे म्हणजे तुम्ही पुष्कळ पुढे आहात. अर्जात लाँग रोल लिहायला विसरू नका.